ज्योतीराम नावं घेतो तेव्हा

चऱ्होलीत अशी बोलवा आहे की आमदार दिग्विजयदादांना स्वतःचा आवाजच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांच्या फोनवर रेकॉर्ड केलेला कॉल येतो, ‘नमस्कार, मी आपला दिग्विजय, आपल्यासाठी काय काय केलं ते सांगायला फोन केला,’ तो म्हणे दादांचा नसतोच. तो दादांच्या कार्यक्रमांचा निवेदक ज्योतीराम बोलतो. पुरावा काय, तर दादा इथल्याच मातीतले, घरात ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ करणारे, आणि फोनवर मात्र ‘मी काय म्हणायलो, बंधू-भगिनींनो’ असं लातूरकडचं बोलतात. जुने गावकरी भिमाजीआबा दर महिन्याला तो फोन कानाला लावतात, दोन वाक्यं ऐकतात, ‘ह्यो आपला न्हाई’ म्हणतात आणि ठेवून देतात.

ही बोलवा साफ खोटी आहे. प्रस्तुत लेखक दुसऱ्यांचे आवाज काढण्यापायी शाळेत पुरेसा बदनाम असल्यामुळे या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. फोनवरचा आवाज दादांचाच आहे. झालंय असं की गेली काही वर्षं प्रत्येक कार्यक्रमात दादा ज्योतीरामच्या शेजारी उभे राहिले, त्याचा सूर ऐकत राहिले, आणि कधीतरी तो त्यांना लागला. सर्दी लागते तसा. दादा ज्योतीरामची नक्कल करतात आणि त्यांना ते माहीत नाही. ज्योतीरामला माहीत आहे, पण तो बोलत नाही, कारण मनातून त्याला ते आवडतं.

ज्योतीराम लातूरकडच्या औसा तालुक्यातून आला. आधी कासारवाडीला चार मित्रांत एक खोली, मग चाकणच्या कंपनीत कायम, मग लग्न, मग चऱ्होलीत भिमाजीआबांच्या खोल्यांपैकी कोपऱ्यातली. कंपनीत तो लाइनच्या शेवटी उभा राहून गिअर तपासतो. चांगला उजवीकडे, वाईट डावीकडे. ओके, रिजेक्ट. पाळीभर माणसाला या दोन शब्दांपलीकडे काही लागत नाही, त्यामुळे ज्योतीरामचे बाकीचे सगळे शब्द शिल्लक राहायचे. एका खंडेनवमीला मशिनपूजेच्या वेळी एचआरच्या साहेबांचा घसा बसला आणि माइक ज्योतीरामच्या हातात आला. त्यानं प्लँट हेडचं नाव असं काही सजवून घेतलं की प्लँट हेडनं ते पुन्हा एकदा घ्यायला लावलं, बायकोला पाठवायला. तिथून सोसायट्यांचे गणपती, तिथून हळदी-कुंकू, आणि तिथून थेट दादांचा ‘आमदार तुमच्या अंगणात’ हा मासिक कार्यक्रम.

या कार्यक्रमाची रीत सांगायला हवी. नावाप्रमाणे पाहिलं तर आमदारांनी अंगणात येऊन जनतेला हिशेब द्यायचा: महिन्यात काय झालं, पुढे काय होणार, आणि अधिवेशनात कोणते नवे कायदे केले. प्रत्यक्षात कार्यक्रमाचे तीन भाग असतात. वाट बघणं, नावं घेणं आणि जेवण. हिशेब या तिन्हींच्या फटीत बसवायचा असतो. व्यासपीठावर जेवढी माणसं, तेवढ्यांची नावं घ्यावीच लागतात. व्यासपीठावर जागा न मिळालेल्यांची त्याहून आधी घ्यावी लागतात, कारण ती जास्त दुखावलेली असतात. मग येत्या महिन्यातले उपक्रम. आमच्याकडे साधं काही होत नाही, जे होतं ते भव्य होतं. भव्य आधार दुरुस्ती शिबिर, भव्य बॉक्स क्रिकेट, भव्य मोतीबिंदू तपासणी. एवढं होईतो मसालेभाताचं झाकण उघडलेलं असतं, आणि कायदे राहतात. मग ज्योतीराम म्हणतो, ‘आणि असे अनेक लोकोपयोगी कायदे दादांनी आपल्यासाठी केले.’ लोक टाळ्या वाजवत उठतात, कारण टाळ्या वाजवत उठलं की पंगतीला लवकर पोचता येतं.

नावं घेण्यात मात्र ज्योतीरामचा हात धरणारा नाही. त्याची विशेषणांची एक उतरंड आहे आणि तो ती गिअरसारखीच तपासून लावतो. ‘कार्यसम्राट’ फक्त दादा. ‘धडाडीचे’ म्हणजे ज्यानं निदान एक बोअर मारली आहे असा. ‘दानशूर’ म्हणजे मांडव ज्याचा. ‘अभ्यासू’ म्हणजे जो बोलत नाही. आणि ज्यानं आयुष्यात काहीच केलेलं नाही तो ‘मनमिळाऊ’. गावातला एक इच्छुक नगरसेवक चार कार्यक्रम मनमिळाऊ राहिला आणि शेवटी वैतागून त्यानं स्वतःच्या खर्चानं गटार बांधलं, तेव्हा कुठं धडाडीचा झाला. दादांच्या निधीतून झालं नसतं एवढं काम ज्योतीरामच्या विशेषणांतून झालं आहे.

नाव राहिलं तर काय होतं हेही एकदा गावानं बघितलं. ती चूक ज्योतीरामची नव्हती, तो त्या दिवशी ओव्हरटाइमला अडकला होता. दादांचा स्वीय सहायक बंटी यानं स्वतः माइक घेतला आणि भिमाजीआबांचं नाव गाळलं. आबा काही पदाधिकारी नव्हेत. फक्त मैदान त्यांचं होतं आणि विजेची वायर त्यांच्या घरातून घेतलेली होती. आबा पहिल्या रांगेतून शांतपणे उठले, घरी गेले आणि बटण बंद केलं. दादांचं भाषण ऐन रंगात होतं. ते तसेच हातवारे करत राहिले, तोंड उघडत-मिटत राहिलं, आवाज नाही. लोकांनी नेहमीच्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या. पण दादांना ते लागलं. तेव्हापासून बंटी नावांना घाबरतो आणि नावं ज्योतीरामवर सोपवून स्वतः साउंडच्या पेटीशी उभा राहतो.

तर असा हा ज्योतीराम, गावची नावं तोंडावर, कायद्यांची एका वाक्यात वासलात, तब्येत खूश. एका मंगळवारी दुपारी पाळी संपवून घरी आला तर त्याची बायको विजयश्री खाटेवर बसलेली आणि तिच्यासमोर जमिनीवर तिचा स्टीलचा डबा. डबा पोळीएवढा चपटा.

विजयश्री चाकणच्याच एका वायरिंगच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाते. कंपनीची बस पहाटे आळंदी रस्त्याच्या चौकात थांबते, आणि गल्लीपासून चौकापर्यंतचा रस्ता नव्या टॉवरांच्या बांधकामातून जातो. टॉवरांना स्वित्झर्लंडमधली नावं आहेत, रस्त्याला दिवे नाहीत. पहाटे तिथं खडीचे डंपर, कुत्री आणि पाळीला निघालेल्या बायका एवढीच वर्दळ असते. डंपरला वाटतं रस्ता आपला, कुत्र्यांनाही तसंच वाटतं, बायकांना तसं वाटायची वेळ अजून आलेली नाही. त्या दिवशी एक डंपर न बघता मागं आला. विजयश्री वाळूच्या ढिगात उडी मारून वाचली, पिशवी चाकाखाली गेली.

“उद्यापासनं मी जायची न्हाई,” ती म्हणाली. ती रडत नव्हती, त्यामुळे ज्योतीराम जास्त घाबरला. येत्या दिवाळीत तिला कायम करायचं कंपनीनं कबूल केलं होतं. या नोकरीसाठी ती सासरशी भांडली होती, माहेरशी भांडली होती, आणि शेवटी हातांचा वेग दाखवून ट्रेनिंगमधे पहिली आली होती. आता एका डंपरपायी ती सगळं सोडून खोलीत बसणार. चौकापर्यंत मी सोडायला येतो म्हणावं तर ज्योतीरामची स्वतःची बस त्याच वेळेला गावाच्या दुसऱ्या टोकाहून निघते.

त्यानं फोन उघडला. बंटीनं पाठवलेला महिन्याचा मजकूर वर होता, आणि ज्योतीरामनं आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटपर्यंत वाचला. मोतीबिंदूच्या खाली, बॉक्स क्रिकेटच्या खाली, अगदी तळाशी एक नवा कायदा पडलेला होता. रात्री किंवा पहाटे पाळी असलेल्या महिला कामगारांना कंपनीच्या गाडीनं घराच्या दारातून न्यावं आणि दारात आणून सोडावं. चौकात उतरवणं चालणार नाही. त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

विजयश्रीनं विचारलं, हा कधी झाला. मागच्याच अधिवेशनात, दादांनी हातसुद्धा वर केला होता, ज्योतीराम म्हणाला.

“मग तुम्ही माइकवर सांगितलं का न्हाई?”

ज्योतीरामनं आठवून बघितलं. “जेवणं सुरू झाली होती.”

विजयश्रीनं डबा उचलला आणि भिंतीवरच्या खिळ्याला कॅलेंडरसारखा अडकवला. “अख्ख्या गावाची नावं पाठ हायत तुम्हाला,” ती म्हणाली, “बायकूचं तेवढं राहायलंय.” आठवडाभर वाट बघते, मग राजीनामा देते, एवढं सांगून ती भाकरी थापायला बसली. आठवडाभर ती शेजारणींचा घोळका जमवून चौकात जात राहिली, हातात काठी घेऊन.

ज्योतीराम आधी सरळ मार्गानं गेला. विजयश्रीच्या कंपनीत विचारलं तर कळलं की गाड्या ठेकेदाराच्या, त्याला विचारा. ठेकेदाराच्या हापिसात विचारलं तर गल्ली अरुंद आहे, गाडी शिरेल पण वळणार कुठं, असं उत्तर मिळालं. ठेकेदार म्हणजे बाळूशेठ. चऱ्होलीतलेच, जमिनीचे पैसे आले तेव्हा बाकीच्यांनी बंगले बांधले, यांनी बस घेतल्या. दादांच्या कार्यक्रमाचा मांडव बाळूशेठचा, खुर्च्या बाळूशेठच्या, साउंड बाळूशेठचा. म्हणून ते ‘दानशूर’.

मग ज्योतीराम संपर्क कार्यालयात गेला. बंटीनं त्याला चहा पाजला आणि समजावलं. कायदा एकदम टॉप आहे सर, म्हणाला, दादांना प्राउड आहे, आपण त्याची रील करू, मागे ढोल टाकू. फक्त स्टेजवरून तो विषय नको. बाळूशेठच्या मांडवात, बाळूशेठच्या खुर्चीवर बसून, बाळूशेठच्या माइकवर बाळूशेठच्या गाड्यांबद्दल बोलायचं, हे बरं दिसतं का. ज्योतीराम म्हणाला, कायदा दादांनीच केलाय ना. बंटीनं कपाळाला हात लावला.

“सर, कायदा मुंबईत करायचा असतो. गावात सत्कार करायचे असतात. फ्लो बिघडवू नका.” आणि जाता जाता त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, साउंडच्या पेटीची वायर कार्यक्रमभर त्याच्या हातात असते. दोन, पिंपळे सौदागरचा एक अँकर तयार बसलेला आहे, कानाला लावायचा माइक त्याचा स्वतःचा आहे आणि तो एका शब्दानंही प्रश्न विचारत नाही.

ज्योतीराम घरी आला. त्याला माइक जाईल याची भीती होती, हे खोटं कशाला बोला. माइक गेला की उरणार फक्त ओके आणि रिजेक्ट. त्या संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं बसली होती आणि प्रस्तुत लेखक बंटी, दादा आणि ज्योतीराम या तिघांची एकत्र नक्कल करून हशा मिळवत होता. त्यात बंटी वायर खेचतो आणि ज्योतीराम ‘धडा’ म्हणून थांबतो, ‘डीचे’ बाहेरच येत नाही. खरा ज्योतीराम मागे उभा राहून सगळं बघत होता. तो हसला नाही, पण रागावलाही नाही.

“रविवारी मी तो कायदा बोलणार हाय,” तो म्हणाला. “वायर कुणी खेचणार न्हाई. आन गाडी गल्लीत येणार.”

प्रस्तुत लेखकानं तिथल्या तिथं पैज लावली. चुकून बोललातच तर वायर जाणार, आणि गाडी तर सात जन्मांत येणार नाही. ज्योतीराम हरला तर भर स्टेजवरून ‘सुप्रसिद्ध नकलाकार’ असं विशेषण लावून प्रस्तुत लेखकाचं नाव घ्यायचं. आणि प्रस्तुत लेखक हरला तर? ज्योतीरामनं क्षणभर विचार केला. गाडी आली की तिला वळायला जागा नाही, ती रोज मागं घ्यावी लागेल. तर रोज पहाटे उठून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायचं. आणि ते स्वतःच्या आवाजात. दादांच्या नाही, बंटीच्या नाही. पोरांनी साक्ष दिली. प्रस्तुत लेखकाला त्या रात्री फार छान झोप लागली.

रविवारी संध्याकाळी भिमाजीआबांच्या मोकळ्या प्लॉटवर ‘भव्य ओपन जिम लोकार्पण व आमदार तुमच्या अंगणात’ होतं. ओपन जिम म्हणजे निळ्या-पिवळ्या रंगाची पाच यंत्रं, त्यातल्या सायकलवर दोन आज्या गप्पा मारत बसल्या होत्या आणि त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. दादांना यायला उशीर झाला, म्हणजे वेळेवर आले. विजयश्री बायकांच्या रांगेत बसली होती. दादांना ओवाळायचं ताट तिच्याकडे होतं, कारण दर वेळेला निवेदकाच्या घरातूनच ताट यायची पद्धत आहे.

ज्योतीरामनं माइक हातात घेतला. बंटी साउंडच्या पेटीशी, वायर मुठीत. नावं सुरू झाली. कार्यसम्राट झाले, धडाडीचे झाले, अभ्यासू झाले, दोन नवे मनमिळाऊ निघाले. भिमाजीआबांचं नाव त्यानं मुद्दाम दोनदा घेतलं, तेव्हा आबांनी मान हलवली, म्हणजे वीज आता कार्यक्रमभर पक्की. बंटीची मूठ सैल झाली. मग ज्योतीराम थांबला. त्याला घरचा खिळ्यावरचा डबा आठवला.

“आता एक विशेष सत्कार,” तो म्हणाला, आणि हा सत्कार मजकुरात नव्हता म्हणून बंटीनं मान वर केली. “आपल्या दादांनी अधिवेशनात एक कायदा केला. पहाटे पाळीला जाणाऱ्या माय-बहिणींना कंपनीच्या गाडीनं दारातनं न्यायचं, दारात आणून सोडायचं.” बंटीचा हात वायरवर घट्ट झाला. “हा कायदा कुठं कागदावर वाळत पडला असंल. पण आपल्या चऱ्होलीत एक माणूस असा हाय की ज्याला कुणी सांगावं लागलं न्हाई. मी काय म्हणायलो, येत्या सोमवारपासनं ज्यांची गाडी आपल्या गल्लीगल्लीत शिरणार हाय, माय-बहिणींचे पाठीराखे, दानशूर आणि आजपासून धडाडीचे…”

इथं बंटीचं काय झालं ते तो आजही सांगू शकत नाही. वायर खेचायची म्हणजे बाळूशेठच्या नावाच्या आधी आवाज जाणार. अर्धं विशेषण लागलेलं, नाव बाकी, आणि साउंड बंद. मांडव त्यांचा, साउंड त्यांचा. आबांच्या वेळचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याचा हात वायरवरच राहिला, पण खेचला गेला नाही.

“…माननीय बाळूशेठ.”

टाळ्यांचा जो काही कडकडाट झाला तो बायकांच्या बाजूनं झाला आणि जेवणासाठी झाला नव्हता. बाळूशेठ चक्रावून उठले. त्यांना वाटलं दादांनी काही ठरवलं असेल. दादांना वाटलं बाळूशेठनं ठरवलं असेल. दोघंही एकमेकांकडे बघून हसले. ज्योतीरामनं शाल पुढे केली, दादांनी ती बाळूशेठच्या खांद्यावर घातली, श्रीफळ दिलं, फोटो झाला. आता यातून मागं यायचं म्हणजे शाल काढून द्यायची.

तरी बाळूशेठ कसलेले होते. माइकजवळ येऊन म्हणाले, “मंडळी, आमी प्रयत्न करू, गल्ली जरा अरुंद हाय.” आणि बसायला वळले. एवढ्यात विजयश्री ताट घेऊन स्टेजवर चढली. दादांसाठी लावलेलं निरांजन तिनं बाळूशेठच्या समोर धरलं. मागोमाग काठीवाल्या शेजारणी चढल्या. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. बहिणीनं ओवाळलं की भावानं ताटात काहीतरी घालायचं असतं, हे बाळूशेठना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचा हात आपसूक खिशात गेला.

विजयश्रीनं ताट मागं घेतलं. “पैसे नको, भाऊ,” ती म्हणाली, आणि ज्योतीरामनं माइक अलगद तिच्या तोंडाशी नेला. “सोमवारी गाडी गल्लीत आणा. तीच ओवाळणी. अरुंद असंल तर मागं घ्यायला माणूस उभा करतो आम्ही.”

भिमाजीआबा पहिल्या रांगेतून बोलले, माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेलं. “बाळ्या, भैन मागतीय. व्हय म्हन की.”

बाळूशेठ व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते. कपाळावर कुंकू, खांद्यावर शाल, समोर अख्खं गाव.

त्यानंतर दादा बोलायला उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा कायदा सविस्तर समजावून सांगितला, कारण पहिल्यांदाच त्यावर टाळ्या मिळाल्या होत्या. “मी काय म्हणायलो,” दादा म्हणाले, अगदी ज्योतीरामच्या सुरात, “बाळूशेठला मीच म्हणालो होतो, आपल्या गावापासनं सुरुवात कर.” दोन्ही आज्या सायकलवरून उतरल्या नाहीत, पण पेडल मारायच्या थांबल्या. मसालेभात थंड झाला आणि कुणाची तक्रार आली नाही.

पंगतीत बाळूशेठ ज्योतीरामच्या शेजारी येऊन बसले आणि जिलेबी मोडत हळूच म्हणाले, “लय ग्वाड दाबलंस रं मला.” ज्योतीराम म्हणाला, शेठ, विशेषण वाढवलंय ना. बाळूशेठनं दुसरी जिलेबी घेतली. मग विचारलं, ते ‘पाठीराखे’ फ्लेक्सवर टाकलं तर चालंल का. सकाळी चौकात फ्लेक्स लागलासुद्धा. बाळूशेठ कानाला मोबाइल लावून उभे, मागे बस, खाली दादांचा चेहरा छोट्या गोलात.

बंटीनं ज्योतीरामला शिक्षा म्हणून पुढचा कार्यक्रम खरोखरच पिंपळे सौदागरच्या अँकरला दिला. त्यानं ‘लेडीज अँड जेंटलमन’ म्हणून सुरुवात केली, दादांना ‘डायनॅमिक’ म्हटलं आणि आबांना ‘बाबाजी’. आबा उठले. पुढचं सांगायला नको. बंटी त्याच संध्याकाळी ज्योतीरामच्या खोलीत येऊन बसला, खिळ्यावरच्या डब्याकडे बघत, आणि म्हणाला की यापुढे कायदेसुद्धा वाचा सर, पण एक विनंती, आधी सांगत जा कुणाचा सत्कार करणार ते. ज्योतीरामनं कबूल केलं नाही. आता व्यासपीठावर त्यानं ‘एक विशेष सत्कार’ म्हटलं की टाळ्यांच्या आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. गटार बांधणाऱ्या इच्छुकाला तर दर वेळेला तेव्हाच नेमका फोन येतो.

पण हे सगळं नंतरचं. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उजाडायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. बस आत शिरली, दोन्ही बाजूंच्या ओट्यांना जेमतेम न घासता, भिमाजीआबांच्या दारापाशी येऊन थांबली. विजयश्री आणि शेजारणी चढल्या. तिच्या पिशवीत नवा डबा होता. काठी घरी राहिली होती.

बसच्या मागे प्रस्तुत लेखक उभा होता, शाळेचं स्वेटर उलटं घालून, कारण ज्योतीरामनं त्याला गदागदा हलवून उठवला होता आणि मग आपल्या बसला पळाला होता. ड्रायव्हरनं काचेतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, बोल की रे. प्रस्तुत लेखकाच्या गळ्यापर्यंत आधी दादा आले, मग बंटी आला, मग ज्योतीरामही आला. तिघांना त्यानं पैजेखातर परत पाठवलं. मग उरलेल्या आवाजात तो म्हणाला, “येऊ द्या.” तो आवाज वर जाताना फाटला आणि खाली येताना घोगरा झाला. ड्रायव्हरला काही ऐकू आलं नाही. “येऊ द्या, येऊ द्या,” तो पुन्हा ओरडला. बस हळूहळू मागं सरकू लागली.

खिडकीतून विजयश्री ऐकत होती. गल्लीतल्या प्रत्येकाचा आवाज तिनं त्याच्या तोंडून ऐकला होता, हा काही ओळखीचा वाटेना.

“आता ह्यो कुणाचा काढायलास रे?” तिनं विचारलं.

“माझाच आहे, वहिनी,” प्रस्तुत लेखक म्हणाला, आणि पुन्हा ओरडू लागला, कारण डाव्या बाजूला आबांचा ओटा फार जवळ आला होता.